अमेरिकेतल्या ख्रिश्चन लिबरल आर्ट्स कॉलेजला जायचंय? आधी सही करायचे कागद वाचा, ब्रोशर नंतर

मार्च-एप्रिल आला की आमच्याकडे फोन सुरू होतात, नगरहून, मिरजेहून, कधी वसईहून, की ताई अमुक कॉलेजचं ॲडमिशन लेटर आलंय, स्कॉलरशिप पण देतायत, कॉलेज ख्रिश्चन आहे म्हणजे पोरगी सेफ राहील ना, पाठवू का. मी शिकागोच्या पश्चिमेला राहते, असल्याच एका कॉलेजात शिकले, आणि नवीन आलेली मराठी पोरं सुट्टीत घरी जेवायला येतात त्यामुळे प्रश्न पाठ झालेत. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. तुम्ही ख्रिस्ती असा नाहीतर हिंदू नाहीतर कुणीही, वाचा, कारण अप्लाय सगळेच करतात आणि गोंधळ नंतर होतो.

1. आधी हे काय असतं ते समजून घ्या

आपल्या बीए-बीएस्सीसारखं हे नसतं. पुण्यात फ्लेम किंवा सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स पाहिलं असेल तर थोडा अंदाज येईल. चार वर्षं, साधारण 120 ते 125 क्रेडिट, त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त कोअर, म्हणजे सगळ्यांना कंपल्सरी: इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, परकी भाषा, लॅबवालं सायन्स आणि वर बायबलचे कोर्स. मेजर, म्हणजे मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवला तरी चालतो. केमिस्ट्रीवाल्याला प्लेटो वाचावा लागतो आणि इंग्लिशवालीला लॅबमध्ये उभं राहावं लागतं, सुटका कुणालाच नाही. बिली ग्रॅहम एवढे मोठे प्रचारक, पण 1943 ला व्हीटनहून डिग्री घेतली ती अँथ्रोपॉलॉजीत.

नावं घ्यायची तर इलिनॉयचं व्हीटन 1860 चं, मिशिगनचं हिल्सडेल 1844 चं, पेनसिल्व्हेनियाचं ग्रोव्ह सिटी 1876 चं, जॉर्जियातलं कव्हनंट 1955 चं, व्हर्जिनियातलं पॅट्रिक हेन्री अगदी अलीकडचं, 2000 चं. कॅथलिक मंडळींसाठी कॅलिफोर्नियात थॉमस अक्वायनस कॉलेज आहे, 1971 चं, ते तर वेगळंच प्रकरण: मेजर नाही, इलेक्टिव्ह नाही, टेक्स्टबुक नाही, सगळी पोरं चार वर्षं तीच मूळ पुस्तकं वाचतात, फर्स्ट इयरला गणित म्हणजे युक्लिड, आणि शिकवणाऱ्याला प्रोफेसर नाही, ट्यूटर म्हणतात. आवड असेल तर स्वर्ग, नसेल तर चार वर्षं फार लांब वाटतील.

आता हे कागदावर सही वगैरे प्रकरण आलं कुठून ते सांगते, कारण ते कळलं की बाकी सगळं कळतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं चर्चच्या लोकांनीच काढलेली. आपल्या मुंबईत 1813 ला येऊन अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात करणारे गॉर्डन हॉल मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजचे. ते विल्यम्स आज पूर्ण सेक्युलर आहे. हार्वर्ड-येलचंही तेच झालं. एका दिवसात नाही झालं हे, हळूहळू, एकेका नेमणुकीने. ज्यांना तसं व्हायला नको होतं त्यांनी ते पाहून ठरवलं की आपण कशावर विश्वास ठेवतो ते लिहून काढायचं आणि शिकवणाऱ्यांकडून त्यावर सही घ्यायची. त्यामुळे इथे सहीचा कागद म्हणजे आपल्याकडचं ॲफिडेव्हिट नव्हे, की न वाचता केलं आणि फाइलला लावलं. पूर्ण कॉलेज त्या कागदावर उभं आहे.

2. कागद मागवा आणि बसून वाचा

वेबसाइटवर मिळतात, नाही मिळाले तर ॲडमिशन ऑफिसला मेल टाका, ते खूश होऊन पाठवतात.

पहिला स्टेटमेंट ऑफ फेथ. आपण चर्चमध्ये मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कलमं, म्हणतो ना, तसलंच पण लांब आणि जास्त बारकाव्यांचं. पवित्र शास्त्रात चूक नाही, आदाम-हव्वा खरोखरची माणसं होती, असं एकेक कलम. यात बघायचं ते हे की सही कोणाची लागते. व्हीटनला यावर दर वर्षी सही प्राध्यापकांची, विद्यार्थ्यांनी मान्य करायचा तो दुसरा कागद, कम्युनिटी कव्हनंट. पॅट्रिक हेन्रीला विद्यार्थ्यांचीही सही लागते. कव्हनंट कॉलेजला विद्यार्थी स्वतः विश्वास ठेवणारा पाहिजे. हिल्सडेलला असलं काही नाही, तिथे ऑनर कोडवर, म्हणजे प्रामाणिकपणे वागण्याच्या करारावर, सही असते, तुमचा धर्म कुठला ते ॲडमिशनला आड येत नाही. मिशिगनच्याच कॅल्विन युनिव्हर्सिटीलाही विद्यार्थ्याने अमुकच मानलं पाहिजे असं नाही. तर तुम्ही हिंदू, बौद्ध, मुस्लिम असाल, किंवा नावापुरते ख्रिस्ती असाल, तर यादी इथेच निम्मी होते. आणि कृपा करून खोटी सही करू नका. स्कॉलरशिप मिळतेय म्हणून करून टाकू असं म्हणणारे पालक भेटतात मला, पण सही पोराला निभवायची असते, तुम्हाला नाही, त्याला चार वर्षं रोज तिथे नाटक करत राहावं लागतं.

दुसरा कागद वागण्याचा. नाव वेगवेगळं, कव्हनंट, लाइफस्टाइल ॲग्रीमेंट, हँडबुक. दारू नाही, तंबाखू नाही, लग्नाबाहेर शरीरसंबंध नाही, आणि लग्न म्हणजे एक पुरुष एक बाई. व्हीटनमध्ये 2003 पर्यंत विद्यार्थ्यांना नाचायचीसुद्धा बंदी होती, खरंच. आपल्या घरांतून आलेल्या पोरांना यातलं बरंचसं काही जड जात नाही, उलट आयांना हे वाचून हायसं वाटतं. पण दोन प्रश्न मेलमध्ये विचाराच. हे नियम उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात असतानाही लागू आहेत का? आणि मोडला तर पुढे काय होतं, समज, सस्पेन्शन की घरी? कारण व्हिसा कॉलेजवर टांगलेला असतो, सस्पेंड झालात तर भानगड फक्त कॉलेजपुरती राहत नाही.

गे, लेस्बियन, ट्रान्स मुलामुलींनी किंवा त्यांच्या आईबापांनी हा कागद दोनदा वाचावा. कॉलेजांमध्ये लिंगावरून भेदभाव नको सांगणारा टायटल नाइन कायदा 1972 चा, पण त्यात धार्मिक संस्थांना त्यांच्या श्रद्धेच्या आड येईल तिथे सूट आहे, आणि यातली बरीच कॉलेजं ती सूट घेतात. म्हणजे कॅम्पसवर प्रेमाने वागणारी माणसं भरपूर भेटतील, पण कायद्याचा आधार दुसऱ्या कॉलेजात असतो तेवढा नसेल. माझं सरळ मत, अशा मुलाला इथे पाठवू नका, दुसरी चांगली कॉलेजं खूप आहेत.

तिसरा कॅटलॉग. कोअरमध्ये बायबलचे किती कोर्स, परकी भाषा किती सेमिस्टर, हे त्यात असतं. आणि सायन्सला जाणार असाल तर बायॉलॉजी विभाग काय शिकवतो ते नक्की बघा. ओहायोतल्या सीडरव्हिलच्या मतांगीकारात सृष्टी शब्दशः सहा दिवसांत झाली असं आहे, कॅल्विनमध्ये उत्क्रांती रीतसर शिकवतात, आणि दोन्ही स्वतःला ख्रिश्चनच म्हणवतात. सगळे एका माळेचे मणी समजू नका.

3. कुंपण कुणाभोवती आहे ते ओळखा

हे कुणी सांगत नाही म्हणून थोडं थांबते इथे. बाहेरच्यांना वाटतं की इथे पोरांना प्रश्न विचारू देत नसतील. उलट आहे. वर्गात पोरं काहीही विचारतात, देव आहे कशावरून इथपासून सगळं, नीत्शे वाचतात, मार्क्स वाचतात, आणि श्रद्धा गांभीर्याने घेणारी मंडळी असल्यामुळे वाद पण मन लावून घालतात, माझ्या मते पुष्कळ सेक्युलर कॉलेजांपेक्षा जास्त. बंधन आहे ते शिकवणाऱ्यावर.

व्हीटनच्या लॅरिशिया हॉकिन्स, पोलिटिकल सायन्सच्या, टेन्युअर, म्हणजे पक्की नोकरी, मिळालेल्या. डिसेंबर 2015 मध्ये मुस्लिमांना पाठिंबा म्हणून हिजाब घातला आणि फेसबुकवर लिहिलं की ते आणि आपण एकाच देवाची उपासना करतो. लगेच रजेवर पाठवलं, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांचे आणि कॉलेजचे रस्ते वेगळे झाले. टेनेसीतल्या ब्रायन कॉलेजात 2014 ला विश्वस्तांनी मतांगीकारात आदाम-हव्वेबद्दल एक स्पष्टीकरण घातलं, की ती आधीच्या कुठल्या जीवापासून आलेली नाहीत, त्यावरून प्राध्यापक गेले. पॅट्रिक हेन्रीत 2006 ला आधीच छोट्याशा स्टाफमधले पाच जण एकदम सोडून गेले, विषय तोच, शिकवायचं स्वातंत्र्य किती.

कॉलेजची बाजू पण आहे हं, ते म्हणतात आम्ही अटी आधीच सांगतो, मान्य नसेल तर येऊ नका. त्यातही तथ्य आहे. पण विद्यार्थ्याला याचा अर्थ काय, तर ज्या सरांसाठी तुम्ही ते डिपार्टमेंट निवडलं ते तुमच्या थर्ड इयरला तिथे नसूही शकतात. आणि सर काही विषयांवर स्वतःचं मत स्पष्ट बोलणार नाहीत, तेव्हा ते भित्रे आहेत असं समजू नका. ॲडमिशनच्या आधी दोन सीनियरशी झूमवर बोला आणि हाच प्रश्न विचारा, गेल्या काही वर्षांत कोण कोण सोडून गेलं आणि का. उत्तरापेक्षा उत्तर देताना ते किती अडखळतात त्यावरून जास्त कळतं.

4. पैशाचा हिशोब

राहणं-खाणं धरून वर्षाला बऱ्याच ठिकाणी 40 ते 60 हजार डॉलरच्या घरात जातं, आकडा बघून घाबरू नका आणि भुलूही नका. कॉलेज स्वतःची स्कॉलरशिप देतं, ती वजा जाता तुमच्या खिशातून काय जाणार तेवढाच आकडा धरा, आणि ती चारही वर्षं मिळणार का, किती जीपीएला बंद होते, हे लेखी घ्या. हेल्थ इन्शुरन्स, पुस्तकं, विमानाचं तिकीट हे लेटरमध्ये बहुतेक नसतं.

हिल्सडेल आणि ग्रोव्ह सिटी सरकारचा पैसा घेत नाहीत, विद्यार्थ्यांची सरकारी ग्रँट-लोनसुद्धा नाही. ग्रोव्ह सिटीची केस 1984 ला सुप्रीम कोर्टात गाजली होती, पोरांनी सरकारी ग्रँट आणली तरी ती कॉलेजला मिळालेली मदतच असं कोर्ट म्हणालं, तेव्हा यांनी पुढे ते दारच बंद केलं. तिकडे याचा फार अभिमान सांगतात. तुमच्या खिशाला मात्र याने काहीच फरक पडत नाही, कारण एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्याला ते सरकारी पैसे कुठेच मिळत नाहीत.

आय-20, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, येण्याआधी पहिल्या वर्षाचे पैसे आहेत याचे कागद दाखवावे लागतात, मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी 350 डॉलर, ती व्हिसाच्या फीपेक्षा वेगळी. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, लायब्ररी, मेस, मेलरूम, त्यातून खिशाला होतं, फी निघत नाही. बाहेर पेट्रोल पंपावर वगैरे कॅशवर काम करायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून नाही म्हणा.

ॲक्रेडिटेशन बघणं विसरू नका. व्हीटन, हिल्सडेल यांना हायर लर्निंग कमिशनची मान्यता आहे, जी बाकी मोठ्या युनिव्हर्सिट्यांना असते. काही छोट्या कॉलेजांना फक्त ख्रिश्चन संस्थांसाठीच्या मंडळांची मान्यता असते, ट्रॅक्स त्यातलं एक. ते बोगस नाहीत, पण पुढे क्रेडिट ट्रान्सफर करताना किंवा मास्टर्सला अडचण येऊ शकते, त्यामुळे भारतात परत यायचं असेल तर ती डिग्री इक्विव्हॅलन्सला, म्हणजे आपल्या डिग्रीच्या बरोबरीची म्हणून, चालेल का हे जायच्या आधी बघा, आल्यावर नाही.

5. अर्ज

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच फॉर्म, किंवा कॉलेजचा स्वतःचा फॉर्म. एसएटी या नेहमीच्या प्रवेशपरीक्षेच्या जागी सीएलटी (क्लासिक लर्निंग टेस्ट) नावाची परीक्षा या कॉलेजांत बरीच चालते, 2015 ला सुरू झालेली, तिच्यात जुन्या ग्रंथांतले उतारे असतात. वाचनाची सवय असलेल्या मुलाला ती सोपी जाते असं माझं निरीक्षण.

फेथ एसे, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेवरचा निबंध, हा खरा अवघड भाग. आपल्याकडे मंडळीत साक्ष देतात तशी देऊ नका, म्हणजे मी पापात होतो, मग अमुक सभेत हात वर केला, मग सगळं बदललं, तेच तेच वाक्य. तिथे असे शेकड्याने येतात. घरात प्रार्थना कशी व्हायची, कुठल्या गोष्टीवर शंका आली, आजी उपासनेला चालत का जायची, असलं खरंखुरं लिहा. शंका लिहिली म्हणून कुणी नापास करत नाही.

पाळकसाहेबांचं, म्हणजे आपल्या चर्चच्या पास्टरांचं, पत्र लागतं बऱ्याच ठिकाणी. त्यांना निदान महिनाभर आधी सांगा, फॉर्म ऑनलाइन असतो, ईमेल त्यांचाच लागतो, आणि आपले रेव्हरंड फार चांगल्या मनाने हा मुलगा अत्यंत आज्ञाधारक आहे एवढंच लिहितात. त्यांच्याजवळ बसा, संडे स्कूलमध्ये काय शिकवलंत, युवक संघात काय केलंत ते आठवण करून द्या. इंग्रजीचं टेन्शन असेल तर मराठीत लिहून भाषांतर जोडलेलं चालेल का ते कॉलेजला विचारा.

व्हिसाच्या मुलाखतीत हेच कॉलेज का, हा प्रश्न हमखास. मामाने सांगितलं असं नका सांगू. कोअर काय आहे, कुठला मेजर, खर्च कसा भागणार, तीन वाक्यांत. कोर्स सुरू व्हायच्या 30 दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही, तिकीट त्या हिशोबाने काढा.

6. पोचल्यावर

व्हीटनला बरं आहे, कॅम्पसजवळ मेट्रा ट्रेन थांबते, तासाभरात शिकागो, आणि नेपरव्हिलला इंडियन ग्रोसरी मिळते, गोडा मसाला मात्र घरूनच आणा. हिल्सडेलला गाडी नसेल तर तुम्ही अडकलात, डेट्रॉइट गाडीने दोनेक तास. हॉस्टेलमध्ये मुलांचे-मुलींचे मजले किंवा इमारती वेगळ्या, एकमेकांच्या खोलीत जायच्या ठरावीक वेळा असतात. थँक्सगिव्हिंगला नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी सगळं बंद होतं, काही हॉस्टेलंसुद्धा, तेव्हा कुठे जाणार ते सप्टेंबरातच ठरवा. कुठल्यातरी अमेरिकन मित्राच्या घरून आमंत्रण येतंच, जा, लाजू नका.

चॅपल, म्हणजे कॉलेजातली उपासना, कंपल्सरी असतं बऱ्याच ठिकाणी, व्हीटनला वर्षानुवर्षं सोमवार-बुधवार-शुक्रवार, ग्रोव्ह सिटीलाही सेमिस्टरला ठरावीक संख्या भरावी लागते. हजेरी मोजतात. कधी मस्त वक्ता असतो, कधी झोप येते. उपासना आपल्यासारखी नसते, गिटार-ड्रम, आणि भजनाची सवय असलेल्याला सुरुवातीला करमत नाही. रविवारी वेगळं चर्च शोधा, दोन-चार बघून ठरवा, पहिल्या आठवड्यात जो गाडीतून नेतो त्याच्याच चर्चचे होऊन जाऊ नका. पहिल्याच वर्षी कळेल की तिथल्या पुष्कळ मुलांच्या डोक्यात ख्रिस्ती असणं आणि एका राजकीय पक्षाचं असणं जवळपास एकच आहे. तुम्हाला ते विचित्र वाटेल, वाटू दे, निवडणुकीच्या वर्षात जेवणाच्या टेबलावर ऐकून घ्या आणि आपलं मत विचारलं तर शांतपणे सांगा, बहुतेक जण ऐकतात.

अजून एक प्रकार, रिंग बाय स्प्रिंग. शेवटच्या वर्षाच्या वसंतापर्यंत साखरपुडा झालाच पाहिजे असली थट्टा, पण निम्मी खरी. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी लग्नं होतात तिथे. आईला आधीच सांगून ठेवा म्हणजे फोटो बघून तिला धक्का बसणार नाही.

वर्गाचं सांगते, कारण मार्क तिथेच जातात. 21 अपेक्षित घोकून पास झालेल्या पोराला पहिलं सेमिस्टर जड जातं. पंधरा जण गोल बसलेले, सरांनी एकच प्रश्न टाकलेला, आणि बोलण्याला ग्रेडमध्ये टक्के आहेत. गप्प बसून वहीत उतरवून घेणं हा इथे आदर धरत नाहीत, वाचून आला नाहीस असं धरतात. वाचताना समासात दोन प्रश्न लिहून न्या आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यातला एक विचारून मोकळे व्हा, नंतर धीर जातो. ऑफिस अवर्सना, म्हणजे सर भेटायला बसतात त्या वेळेला, जा, काही काम नसलं तरी.

पेपरमध्ये इंटिग्रेशन नावाचं एक मागतात, म्हणजे विषय आणि श्रद्धा यांची सांगड. इकॉनॉमिक्सच्या पेपराच्या शेवटी बायबलचं वचन चिकटवलं की झालं असं नवीन पोरांना वाटतं आणि सी मिळतो. व्हीटनला तत्त्वज्ञान शिकवणारे आर्थर होम्स यांच्यापासून ही परंपरा चालत आलीय, त्यांचा रोख असा की सत्य कुठेही सापडलं तरी ते देवाचंच, त्यामुळे विषयाला घाबरून वचनाच्या आड लपायचं कारण नाही. म्हणजे आधी इकॉनॉमिक्स नीट करा, मग विचारा की मजुरी किती असावी या प्रश्नात माणूस म्हणजे काय याबद्दल आपण काय गृहीत धरलंय. हिंदू मुलांनाही हे जमतं, तुमच्या परंपरेतून लिहू का असं सरांना आधी विचारा, मला माहीत असलेल्या बहुतेक प्राध्यापकांना ते आवडतं. गणपती-दिवाळीचं मात्र ज्याच्या त्याच्या कॉलेजवर, खोलीत फोटो ठेवायला सहसा कुणी आडवं येत नाही, हॉलमध्ये आरती होईल अशी अपेक्षा नको. महाराष्ट्र मंडळ जवळ असेल तर तिकडे जा.

7. जमलं नाही तर

एक पूर्ण वर्ष द्या, पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांनाच पळून यावंसं वाटतं. मग नाहीच जमलं तर ट्रान्सफर करता येते, सेव्हिस रेकॉर्ड नवीन कॉलेजकडे वळवतात आणि नवीन आय-20 निघतो, फक्त नवीन ॲडमिशन हातात असल्याशिवाय जुनं सोडायचं नाही आणि मध्ये 12 क्रेडिटच्या खाली यायचं नाही. इतिहास, गणित, सायन्सचे क्रेडिट बहुतेक जातात, बायबलचे मात्र बरेचदा इलेक्टिव्ह म्हणूनच धरतात, म्हणून शंका असेल त्यांनी पहिल्या वर्षी बायबलचे सगळे कोर्स एकदम उरकून टाकू नयेत. शिवाय मेजर ठरवताना हे लक्षात ठेवा की आजच्या नियमाने डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं, स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) मेजरला वर आणखी 24, तत्त्वज्ञान-साहित्यवाल्यांना ते वाढीव मिळत नाही. हे नियम बदलत असतात, तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या काकांना नाही, कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या.